बेहड्याची ढोली

गिलावा हाताला चिकटत नव्हता आणि बोटांतून ओघळतही नव्हता, म्हणजे तो नेमका जमला होता. मार्सेलने शिडीच्या वरच्या दांडीवर पाय घट्ट रोवले, एक गोळा उचलला आणि बेहड्याच्या खोडातल्या ढोलीच्या तोंडावर अंगठ्याने दाबून बसवला. लाल माती, ताजं शेण, भिजवलेला चुना आणि वर गुळाचं पाणी, ही त्याच्या बापाची कृती. वाडीतल्या जुन्या आंब्याला, चिकूला ढोली पडली की पावसाआधी ती बुजवायची, नाहीतर पाणी साचून झाड आतून कुजतं, हे एके काळी त्याच्या गावात, गिरीजमध्ये, शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. आता नसतं, कारण तसे आंबेच फारसे उरलेले नाहीत.

गंमत म्हणजे ही ढोली कोणीतरी आधीच बुजवायला घेतलेली दिसत होती. तोंडावर काळपट चिखल लिंपलेला होता आणि मधोमध एक उभी फट तशीच सोडून दिलेली होती. जवळच्या आदिवासी पाड्यातल्या कोणीतरी सुरुवात केली असेल आणि मग जेवायची हाक आली असेल, असं मार्सेलला वाटलं. अर्धवट काम त्याला कधी बघवलं नव्हतं. टपाल खात्यात असतानाही तो शेजारच्या टेबलावरची टपालं लावून मगच घरी निघायचा, आणि त्याबद्दल शेजारच्याच्या शिव्या खायचा.

बापाने शिकवल्याप्रमाणे त्याने बंद करण्याआधी खोडावर बोटांनी टकटक केली. आत काहीतरी खरवडल्यासारखं झालं आणि लगेच थांबलं.

"भुंगा," मार्सेल स्वतःशीच म्हणाला. "बस आता आत."

त्याने फट गिलाव्याने भरली, वरून आणखी एक जाड थर दिला आणि ओल्या तळव्याने तो असा गुळगुळीत केला की झाडालासुद्धा आवडावं. खाली उतरून त्याने मान वर करून एकदा बघितलं. बाप असता तर तोंडाने काही बोलला नसता, पण बिडी पेटवली असती. बापाची शाबासकी तशीच असायची.

तो ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार होता. सकाळची मिस्सा आटोपून गिरीजच्या चर्चमधली मंडळी तुंगारेश्वरच्या जंगलात आली होती. दोन वर्षांपासून त्यांचं आणि पाड्यातल्या वनसमितीचं असं एकत्र काम चालायचं. महाशिवरात्रीला येणारी गर्दी जे मागे सोडून जाते ते ओढ्यातून उपसायचं, झाडांना ठोकलेले खिळे आणि बॅनरच्या तारा काढायच्या, उतारावर दगडांचे बांध घालायचे. वनरक्षक शत्रुघ्न मराठवाड्यातून आलेला तरुण मुलगा होता. चौकीजवळच्या आंब्याची ढोली बुजवायला त्याने मार्सेलला खुशीने परवानगी दिली होती. ती परवानगी त्या एका आंब्यापुरतीच होती. पण आंबा झाल्यावर अर्धी बादली गिलावा उरला आणि वाडीतला माणूस कालवलेला गिलावा फेकून देत नाही, तसंच शिजवलेला भातही फेकत नाही. मार्सेलने शिडी खांद्यावर घेतली आणि दुसरी ढोली शोधत तो पायवाट सोडून ओढ्यापलीकडे गेला.

जाताना ओढ्याच्या काठावर त्याला पाड्यातली रखमाबाई बसलेली दिसली होती. एकटीच, झाडांकडे तोंड करून. काय बघताय, असं त्याने सहज विचारलं.

"काय नाय," ती म्हणाली.

तेवढ्यात खालून जेवायची हाक आली. गिरीजच्या बायकांनी बोंबलाचं कालवण आणि भात आणला होता. पाड्यातल्या सगळ्यांनाच आग्रहाचं बोलावणं होतं. रखमाबाई दोनदा मागे वळून बघत उठली आणि गेली. मार्सेल मात्र म्हणाला, मी येतो मागून.

*

मार्सेलला जंगलाचं हे वेड निवृत्तीनंतर लागलं होतं आणि त्याला कारण होतं एक झाड. गिरीजमध्ये त्याच्या घरामागे अर्धी वाडी उरली होती. दुसऱ्या अर्ध्या वाडीवर आता चार मजली इमारत उभी होती. त्या जागेत बापाने जपलेला पायरीचा आंबा होता. बापाने दर वर्षी तीच ढोली पुन्हापुन्हा बुजवून त्या झाडाला म्हातारपणापर्यंत आणलं होतं. कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा मार्सेलने निमूटपणे सही केली. झाड पाडायच्या दिवशी मात्र तो बायकोला, एलिनाला, घेऊन नाशिकला एका लग्नाला गेला. ते लग्न फार जवळचं नव्हतं. परत आला तेव्हा मशीन गेलेलं होतं, मुळं उपसलेली होती आणि मोकळ्या जागेत उन्हं पडली होती. "बरं झालं, नव्हतास ते," शेजारी म्हणाले. कठीण वेळी हा माणूस कुठेतरी दुसरीकडेच असतो, हे एलिनाला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

तेव्हापासून म्हाताऱ्या झाडाजवळून गेला की मार्सेलचा हात आपोआप त्याच्या खोडावर जाई. ते प्रेम होतंच, पण त्यात थोडी परतफेडही होती.

*

गुरुवारी दुपारी रखमाबाई त्याच्या फाटकाशी आली. उन्हाळ्यात ती डोक्यावर टोपली घेऊन वाड्यांमधून करवंदं विकायची. लोणच्यासाठी कच्ची करवंदं घ्यायला एलिना तिची वाट बघत असे. मापं झाली, पाणी पिऊन झालं, तरी बाई उठेना. मग मार्सेलकडे बघून म्हणाली, "मार्सेलभाऊ, शत्रुघ्न साहेबाला फोन लावता का? माझा फोन बंद हाय, चौकीवर बी कोनी नाय."

काय झालं, असं त्याने विचारलं. तिने आधी इकडेतिकडे बघितलं. एलिना करवंदं धुवायला आत गेली होती, अंगणात कोंबड्यांशिवाय कोणी नव्हतं.

वनसमितीचा एक नियम होता. जंगलात जी घरट्यांची झाडं होती, त्यांतलं एकेक झाड पाड्यातल्या एकेका घराला राखायला दिलेलं होतं. ते झाड कुठलं, हे त्या घराने आणि वनरक्षकाने सोडून कोणालाही सांगायचं नाही. मागे एकदा कॅमेरेवाल्यांना एक झाड कळलं होतं. त्यांनी चांगला उजेड मिळावा म्हणून आडव्या येणाऱ्या फांद्या तोडल्या आणि घरटं उजाड झालं. तेव्हापासून विचारणाऱ्याला एकच उत्तर द्यायचं ठरलं होतं, काय नाय.

"धनेसाचं घर हाय," रखमाबाई हळू आवाजात म्हणाली. "नर येतो, चोचीत उंबर घेऊन. खोडाला लटकतो, टोचतो, टोचतो, आनि उंबर खाली पडतो. सोमवारपासनं बघते. त्याला फट गावत नाय."

"कसली फट?" मार्सेलने विचारलं.

मग तिने सांगितलं. मार्सेलने धनेश उडताना कितीदा पाहिला होता, त्याची ती वाकडी मोठी चोच त्याला ओळखता यायची, पण त्याचं घरटं त्याने कधी पाहिलं नव्हतं. मादी ढोलीत शिरते आणि चिखल नि विष्ठा थापून स्वतःला आत कोंडून घेते. नराची चोच आत येईल एवढीच उभी फट ठेवते. मग पंखांची पिसं झाडून टाकते. पिल्लं मोठी होईपर्यंत तिला उडता येत नाही. नर बाहेरून जे भरवेल ते ती खाते.

मार्सेल ओट्यावर बसला. अंगठ्याच्या टोकाला चुन्याने पडलेली भेग होती, ती तो दुसऱ्या हाताने चोळत राहिला.

"जवळ जाऊन नाही बघितलं?"

"मादी आत बसली की झाडाखाली जात नाय आमी. ती भ्याली तर अंडी टाकते. पलीकडल्या काठावरनंच बघायचं. लांबनं तर चिखल वाळल्यावानी दिसतो."

"कुठलं झाड?"

"हाय एक," ती म्हणाली. "तुमच्यावर भरवसा नाय असं नाय, भाऊ. पन नेम हाय."

मार्सेल फोन घेऊन विहिरीमागे गेला. शत्रुघ्नचं नाव त्याने काढलं, बटण दाबलं आणि पलीकडे रिंग ऐकू आली. एकदाच. मग त्याने फोन बंद केला. परत येऊन म्हणाला, लागत नाही, दुसऱ्या टोकाला वणवा लागलाय म्हणतात, तिकडे असेल, मी लावत राहतो. वणव्याचं खरं होतं, म्हणून खोटं बोलणं सोपं गेलं. रखमाबाईने मान डोलावली, टोपली उचलली आणि निघाली. फाटकाशी थांबून तिने पुन्हा एकदा सांगितलं, आजच लावा.

खरं तर त्याने त्याच पावली स्कूटर काढायला हवी होती. पण त्याच्या डोळ्यांसमोर भलतंच उभं राहिलं. शत्रुघ्न येणार, शिडी लावणार, गिलावा बघणार. अख्ख्या जंगलात चुना आणि गूळ घालून गिलावा करणारा माणूस एकच होता. मग पाड्यात म्हणणार, वाडीवाल्यांना आत घेतलं हेच चुकलं. चर्चच्या आवारात म्हणणार, मार्सेलने सगळ्यांचं नाक कापलं. विनापरवानगी, विनाविचारणा, नियम मोडून. आणि त्या खरवडण्याबद्दल तर तो कोणाला सांगूच शकत नव्हता. त्याने ते ऐकलं होतं. ऐकून तो खूश झाला होता.

*

संध्याकाळी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होता. ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून फादर गावातल्या बारा जणांचे पाय धुतात. या वर्षी बारांमध्ये मार्सेलचं नाव होतं, जंगलातल्या कामाबद्दल. एलिनाने त्याचा पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला होता. तो बाकावर बसला आणि उजवा पाय पुढे केला. फादरांनी गुडघे टेकले, पाणी ओतलं, टॉवेलने पाय पुसला आणि वाकून त्याला ओठ लावले. त्याच क्षणी मार्सेलच्या खिशात फोन थरथरला.

शत्रुघ्नचाच असणार. एक रिंग वाजून बंद झालेला फोन बघून पोराने परत लावला असेल. फोन थरथरून थांबला, पुन्हा थरथरला. शेजारी बसलेल्या सॅन्टनने त्याच्याकडे बघितलं. मार्सेलने मांडीवर हात दाबून धरला. पाय धुतलेला होता, आणि तो जमिनीवर टेकवायची त्याला लाज वाटली.

घरी येऊन त्याने फोन बघितला. शत्रुघ्नचेच होते, दोन्ही. उलट फोन त्याने केला नाही. रात्र झाली, त्याला आता झोपू दे, असं त्याने स्वतःला सांगितलं. भीतीला माणूस नेहमी दुसऱ्याच्या सोयीचं नाव देतो.

शुक्रवारी, ख्रिस्ताच्या मरणाच्या दिवशी, चर्चच्या घंटा मुक्या असतात. त्यांच्या जागी लाकडी खटखट्या वाजवत मुलं गावभर फिरतात आणि त्या आवाजावर लोक क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जमतात. टक टक, टक टक. गिरीजच्या वाटांवरून तो आवाज लहानपणापासून मार्सेलच्या ओळखीचा होता. त्या दिवशी मात्र तो त्याला वेगळाच ऐकू आला. बाहेर कोणीतरी लाकडावर टोचत होतं आणि आत कोणीतरी ऐकत होतं. क्रूसाच्या वाटेत तो प्रत्येक स्थानावर गुडघे टेकत गेला. सोबत शंभर सबबी चालल्या होत्या. कदाचित झाड दुसरंच असेल. कदाचित गिलाव्याला आपोआप तडे गेले असतील. कदाचित रखमाबाईने आज जवळ जाऊन बघितलंही असेल. पण आपण केलेल्या गिलाव्याला तडे जात नाहीत, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

उपास होता म्हणून तो जेवला नाही असं घरात सगळ्यांना वाटलं. सगळ्यांना म्हणजे एलिनाला, आणि तिलाही तसं वाटलं नव्हतं.

*

शनिवारी उजाडताच तो उठला. करवंदं आणायला जातो म्हणाला. एलिना ओट्यावर ईस्टरच्या केकसाठी नारळ खवत बसली होती. तिने त्याच्या पिशवीकडे बघितलं.

"करवंदं काढायला छिन्नी लागते का?" तिने विचारलं.

त्याने पिशवी खांद्याला लावली. ती खवणीवरचा हात थांबवून तो फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहिली.

पाड्यात रखमाबाई अंगण झाडत होती. त्याला बघून तिच्या तोंडावर सुटका दिसली. साहेब येतायत का, असं ती विचारणार तेवढ्यात मार्सेल म्हणाला, "शिडी पाहिजे."

"कशाला?"

"ओढ्यापलीकडच्या बेहड्याला लावायची आहे."

तिने त्याला झाड सांगितलेलं नव्हतं. तिचा झाडू थांबला. मग तिने तो भिंतीला टेकवला, पडवीतल्या शिडीचं एक टोक स्वतः उचललं आणि दुसऱ्या टोकाकडे मानेने खूण केली. दोघांनी ती ओढ्यापलीकडे नेली.

बेहड्याखाली उंबरांचा सडा पडला होता. काही सुकलेले, काही ताजे, मुंग्या लागलेले. मार्सेल त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून जपून चालत होता आणि तरी पडतच होता. रखमाबाईने शिडी धरली. तो वर चढला.

गिलावा पांढरट पडून खडखडीत वाळला होता. त्यावर त्याच्या तळव्याचे ठसे स्पष्ट उमटले होते. कुठे भेग नव्हती. काम चांगलं झालं होतं, हीच तर रड होती. त्याने कडेकडेने छिन्नी चालवली, हळू, आतल्या जिवाला लागू नये अशी. मध्येच थांबून कान लावला. आवाज नव्हता. पुन्हा छिन्नी घातली आणि तो अख्खा थर भाकरीसारखा सुटून त्याच्या हातात आला.

त्याने तो उलटा केला. आतल्या बाजूने चोचीचे ओरखडे होते, एकावर एक, शेजारी शेजारी, सगळे मधल्या जागेकडे जाणारे, जिथे आधी फट होती. तिथे गिलावा खरवडून खरवडून कागदासारखा पातळ झाला होता. मार्सेलने तो उन्हाकडे धरला. मधोमध सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला.

आत ती तोंड बाहेर करून बसलेली होती. चोच चुन्याने पांढरी झालेली. भोवती तिचीच झाडलेली पिसं होती. त्याने हात घातला. अंग अजून पुरतं ताठलेलं नव्हतं. पोटाखाली अंडी हाताला लागली, तेव्हा त्याने हात मागे घेतला.

"हाय का?" खालून रखमाबाईने विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली. शिडी जराही हलली नाही, तिने ती तशीच घट्ट धरून ठेवली होती, कारण वर माणूस होता.

तो उतरला आणि थर तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही बाजूंनी बघितला. ओरखड्यांवरून बोट फिरवलं. ती रागावेल, ओरडेल, पाड्याला हाक मारेल, असं त्याला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मी जेवाया गेली त्या दिवशी," ती म्हणाली. "एवढं बोलावलं तुमच्या लोकांनी, म्हनून. नायतर दुपारची मी काठावरनं उठत नाय."

"तुमची काय चूक?"

"माझं झाड व्हतं," ती म्हणाली. मग काहीतरी आठवून तिने त्याच्याकडे बघितलं. "गुरुवारी मी तुमच्या घरी..." आणि थांबली.

मार्सेलला वाटलं, आता इथे गप्प बसलो तर आपण जन्मभर नाशिकच्या त्या लग्नातच बसून राहू.

"फोन लागत होता," तो म्हणाला.

रखमाबाईने मान खाली घातली. पायाखालचा एक ताजा उंबर उचलून उगाच पुसला आणि परत ठेवला. तेवढ्यात दूरवर पंखांचा आवाज झाला. तिने त्याच्या बाहीला धरलं आणि त्याला ओढ्यापलीकडे, झुडपामागे नेलं.

नर आला. खोडाला धरून लटकला. रोजची बंद जागा आज उघडी बघून थोडा बिचकला, मग त्याने मान आत घातली आणि उंबर पुढे केला. धरून राहिला. घेतला जाईना तेव्हा चोच मागे घेतली, मान तिरकी करून बघितलं आणि पुन्हा पुढे केला. शेवटी उंबर आतच ठेवला आणि उडाला. थोड्या वेळाने दुसरा घेऊन आला.

"किती दिवस येईल?" मार्सेलने विचारलं.

"येईल," रखमाबाई म्हणाली. "त्याला कोन सांगनार?"

मार्सेल तिथेच ओल्या दगडावर बसला आणि तोंडावर हात घेऊन रडला. ती शेजारी उभी राहिली. तिने त्याची समजूत काढली नाही.

*

शत्रुघ्नला फोन मार्सेलने तिथूनच केला. पोरगा वणव्यावरून काळवंडलेल्या तोंडाने तसाच आला. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने तो थर हातात घेऊन उलटसुलट बघितला. "काका, मातीचा असून एवढा पक्का कसा काय?" असं त्याच्या तोंडून निघून गेलं आणि मग तोच ओशाळला. वर कळवावं लागेल म्हणाला. मार्सेल म्हणाला, कळव. पुढे चौकशी झाली, समज दिली गेली. चर्चच्या आवारात चार दिवस बोलणी झाली आणि मग लोकांना दुसरा विषय मिळाला. एवढ्याशाच गोष्टीला आपण घाबरलो होतो, हे कळल्यावर मार्सेलला आणखी लाज वाटली.

पाड्याची बैठक मात्र वेगळी झाली. काही जण म्हणाले, वाडीवाले नकोत. रखमाबाई म्हणाली, पाड्याची जुनी रीत आहे, ज्याच्या हातून घर उजाड झालं त्यानेच ते झाड राखायचं. धनेश ढोली विसरत नाहीत. हा नर दुसरी जोडीदारीण घेऊन येईल किंवा दुसरी जोडी येईल, पुढच्या वर्षी नाहीतर त्याच्या पुढच्या. तोवर ढोली मोकळी राहिली पाहिजे आणि राखणारा पाहिजे. मग जरा थांबून म्हणाली, दोन घरांचं झाड म्हणा, माझंबी आनि त्यांचंबी.

नर पुढचे कित्येक दिवस येत होता. मग एक दिवस आला नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी गिरीजची मंडळी पुन्हा कामाला आली. मार्सेल सकाळपासून ओढ्याच्या अलीकडच्या काठावर बसलेला होता. ढोली समोर दिसत होती, साफ केलेली, काळीभोर. दुपारी रोवेना त्याला शोधत आली. ती गटात नवीन होती, सॅन्टनची सून. काका, काय बघताय, असं तिने झाडांकडे बघत विचारलं.

"काही नाही," मार्सेल म्हणाला.

खाली पानं मांडली गेली होती. कालवणाचा वास वरपर्यंत येत होता आणि रखमाबाईचा हसण्याचा आवाजही, आज ती पंगतीत पहिली बसली होती. सगळे थांबलेत, चला ना, असं रोवेना म्हणाली. मार्सेलने पिशवीतून एलिनाने बांधून दिलेली भाकरी काढली, मांडीवर ठेवली आणि तुम्ही बसा म्हणून हाताने खूण केली. ती गेल्यावर त्याने नजर ढोलीवर ठेवूनच पहिला तुकडा मोडला.